कुलाबा किनारपट्टीवरील दारिद्र्य व प्राथमिक शिक्षण

१

महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासाचे जे लेखन आजवर झाले आहे, त्यात शाळा कोणी काढल्या, कोणत्या साली काढल्या व त्यांस सरकारी अनुदान केव्हा मिळाले, यांचा तपशील विपुल आढळतो. त्या शाळांच्या दाराशी येऊन परत फिरलेल्या, किंवा दाराशी कधी आलेल्याच नाहीत अशा मुलांचा इतिहास मात्र क्वचितच लिहिला जातो. याचे एक कारण साधनांच्या स्वरूपातच आहे. हजेरीपटावर आलेल्या मुलाचे नाव राहते. न आलेल्याचे राहत नाही. त्यामुळे न आलेल्या मुलाचा शोध केवळ शाळेच्या दप्तरात घेऊन भागत नाही. तो जमिनीच्या, पिकाच्या, कर्जाच्या व स्थलांतराच्या इतिहासात घ्यावा लागतो.

पूर्वीचा कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनचा रायगड जिल्हा, हा अशा शोधाला विशेष अनुकूल असा प्रदेश आहे. समुद्र व सह्याद्री यांमधील या अरुंद पट्टीत खारजमिनीवरील भातशेती, पेण-उरणकडील मिठागरे, किनाऱ्यावरचे कोळीवाडे आणि डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या कातकऱ्यांच्या वाड्या एकमेकींपासून काही कोसांच्या अंतरावर नांदतात. आणि खाडी ओलांडली की मुंबईसारखी श्रमाची मोठी पेठ आहे. दारिद्र्याचे इतके भिन्न प्रकार एकाच जिल्ह्यात आढळत असल्यामुळे, दारिद्र्य शिक्षणाच्या आड नेमके कोणत्या मार्गाने येते, हे येथे तपासून पाहता येते.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे : गरीब कुटुंबाला शाळेची जी किंमत द्यावी लागते, तिचा लहान भाग शुल्काचा व मोठा भाग मुलाच्या हातांचा असतो. राज्यकर्त्यांनी गेल्या दीड शतकात पहिला भाग टप्प्याटप्प्याने माफ केला. दुसऱ्या भागाकडे त्यांचे लक्ष फार उशिरा व फार तोकडे गेले. शाळा वाढूनही शिक्षण त्या मानाने का पसरले नाही, या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी या विषमतेत सापडते.

२

आंग्र्यांचे कुलाबा संस्थान १८४० च्या सुमारास खालसा झाले आणि १८६९ मध्ये कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा बनला. या दोन घटनांच्या दरम्यान, १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर, मुंबई इलाख्यात १८५५ मध्ये शिक्षणखाते स्थापन झाले होते. खेड्यांतील शाळांचा खर्च भागविण्यासाठी १८६० नंतरच्या दशकात जमीनमहसुलाच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा स्थानिक पट्टी बसविण्यात आली व तिचा एक-तृतीयांश भाग शिक्षणाकडे लावण्यात आला. याचा अर्थ असा की, शाळेचा पैसा जमिनीतून, म्हणजे अंतिमतः कसणाऱ्याच्या श्रमातून येऊ लागला. त्या पैशातून चालणाऱ्या शाळेत कसणाऱ्याचे मूल किती काळ बसू शकत होते, हा प्रश्न स्वाभाविकच उपस्थित होतो.

तो प्रश्न पहिल्यांदा स्पष्टपणे मांडण्याचे श्रेय जोतीराव फुले यांस द्यावे लागते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी शेतकऱ्यांनी भरलेला पैसा वरिष्ठ वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, ही तक्रार केली, एवढेच सामान्यतः सांगितले जाते. परंतु त्या निवेदनातील दुसरा मुद्दा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. कुणबी व इतर गरीब वर्गांतील मुले शाळेत आली तरी टिकत नाहीत, कारण गुरे राखण्यास व शेतात राबण्यास ती घरी हवी असतात, असे त्यांनी नमूद केले. निदान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचे करावे, आणि त्याबरोबरच शिष्यवृत्त्या व सहामाही-वार्षिक बक्षिसे यांच्या रूपाने काही विशेष उत्तेजन द्यावे, अशी त्यांची सूचना होती. सक्तीला उत्तेजनाची जोड असावी, या सूचनेमागे कुटुंबाच्या हिशेबाचे अचूक ज्ञान होते. पुढील काळात सक्तीचा विचार पुष्कळ झाला, उत्तेजनाचा मात्र मागे पडला.

३

मुलाच्या हातांची किंमत म्हणजे काय, हे समजण्यासाठी किनाऱ्यावरील श्रमाचे वार्षिक चक्र पाहावे लागते.

भातशेतीचे काम पावसाच्या आधीच सुरू होते. फाल्गुन-चैत्रापासून शेण, पालापाचोळा व तोडलेल्या फांद्या गोळा करून राब भाजला जातो. त्यातले वाहण्या-पसरण्याचे काम मुलांकडे येते. जूनमध्ये पेरणी होते, आणि शाळेचे नवे वर्षही जूनमध्येच सुरू होते. आषाढात लावणी लागली की घरातील प्रत्येक हात चिखलात उतरतो, आणि जो उतरू शकत नाही त्याच्या कडेवर तान्हे मूल दिले जाते. उभे पीक कुंपणावाचून असल्यामुळे पावसाळाभर गुरांमागे कोणीतरी असावेच लागते. हे काम सात-आठ वर्षांच्या मुलाचे मानले जाई. आश्विन-कार्तिकात कापणी व पुढे झोडणी येते, तेव्हा शाळेत सहामाही परीक्षेचे दिवस असतात.

कोळीवाड्याचे चक्र याच्या उलट फिरते. आषाढात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात व नारळी पौर्णिमेनंतर समुद्र पुन्हा खुला होतो. त्यानंतर उन्हाळा संपेपर्यंत मासळी निवडणे, बोंबील व सोडे वाळविणे, जाळी दुरुस्त करणे यांत मुलांचा वाटा असतो. आई पहाटे मासळीची पाटी घेऊन बाजाराला निघाली की घर व धाकटी भावंडे थोरल्या मुलीच्या स्वाधीन होतात. मिठागरांवर काम हिवाळ्यात सुरू होते व पहिल्या पावसाने थांबते. ही सर्व चक्रे एकत्र मांडली असता असे दिसते की, ज्या महिन्यात किनाऱ्यावरील गरीब घराला मुलाची गरज नाही असा महिना शालेय वर्षात जवळजवळ नाहीच.

येथे एक भेद लक्षात ठेवणे अवश्य आहे. या मुलांना बहुधा रोख मजुरी मिळत नव्हती. त्यामुळे सरकारी दृष्टीने ती मुले काम करीत नव्हती. परंतु गुराख्याचे काम मुलाने केले नाही, तर ते करण्यासाठी मोठ्या माणसाला मजुरी सोडून घरी राहावे लागे. मुलाच्या हजेरीची किंमत अशी प्रौढाच्या बुडालेल्या मजुरीत चुकवावी लागत होती, आणि शुल्काचे दोन-चार आणे तिच्यापुढे अल्प होते.

एकाच घरातील भावंडांमध्येही हा भार सारखा वाटला जात नव्हता. गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथला. वडिलांच्या मृत्यूनंतर वडील बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी पत्करली व त्यांतील आठ रुपये ते दरमहा धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवीत. पांढरपेशा घरातही दारिद्र्यात एकाचे शिक्षण दुसऱ्याने सोडलेल्या शिक्षणावर उभे राहत असे. शेतकऱ्याच्या व कोळ्याच्या घरी सोडणारी बहुधा बहीण असे, आणि तिच्या त्यागाची नोंद कोणत्याही चरित्रात नाही. पनवेल येथे १८८५ मध्ये जन्मलेले केशव सीताराम ठाकरे यांस परीक्षेचे शुल्क पुरते न जमल्यामुळे मॅट्रिक होता आले नाही. त्याच जिल्ह्यातील नाते येथे १८९६ मध्ये जन्मलेले, वकील पित्याचे पुत्र चिंतामण द्वारकानाथ देशमुख १९१२ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत इलाख्यात पहिले आले. बुद्धीची वाण या किनाऱ्यावर कधीच नव्हती. ती परीक्षेच्या दालनापर्यंत पोहोचविण्याचे साधन मात्र मोजक्या घरांपाशी होते.

४

गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ज्या पालकाचे मासिक उत्पन्न दहा रुपयांहून कमी असेल त्याच्या पाल्याकडून शुल्क घेऊ नये, अशी तरतूद त्यात होती. सक्ती लावण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना मिळावयाचा होता, आणि तोही प्रथम मुलांपुरताच. एवढे सौम्य विधेयकही १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. त्यानंतर विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ मध्ये मुंबई इलाख्यात सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला. पण तो नगरपालिकांपुरता होता. पनवेल, पेण, अलिबाग, महाड या गावांना त्याचा उपयोग होण्यासारखा होता, खारेपाटातील खेड्यांना नव्हता. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांच्या हाती गेल्या, आणि १९४७ च्या कायद्याने सक्तीचा कार्यक्रम शासनाने स्वतःकडे घेतला.

या कायद्यांची मर्यादा १९२९ च्या हार्टोग समितीच्या अहवालावरून स्पष्ट होते. १९२२-२३ मध्ये पहिल्या इयत्तेत असलेल्या दर १०० मुलांपैकी १९२५-२६ मध्ये चौथ्या इयत्तेत केवळ १८ पोहोचली होती, असे त्या समितीने ब्रिटिश हिंदुस्थानासंबंधी दाखवून दिले. ‘गळती’ व ‘कुंठितता’ या संज्ञा त्यानंतर शिक्षणशास्त्रात रूढ झाल्या. परंतु समितीने या आकड्यांवरून काढलेला निष्कर्ष शाळांच्या संख्येपेक्षा गुणवत्तेकडे लक्ष द्यावे असा होता. गळती हा शाळेचा दोष आहे की शाळेबाहेरील अर्थव्यवस्थेचा, हा प्रश्न त्यामुळे मागे पडला. लावणीत महिनाभर गैरहजर राहिलेला मुलगा परत आल्यावर मागे पडतो, वर्ष वाया जाते, आणि दुसऱ्या वर्षी त्याच महिन्यात तो पुन्हा शेतात असतो. मग बापाने त्याला शाळेतून काढणे हा अडाणीपणा ठरत नाही. ज्या शाळेचे फळ पदरी पडणार नाही हे अनुभवाने कळले आहे, तिच्यावर अधिक श्रम खर्च न करण्याचा तो निर्णय असतो.

५

असा निर्णय घेणाऱ्या कुटुंबाची आर्थिक दृष्टी किती दूरवर जाऊ शकत होती, हे जमिनीच्या मालकीवर अवलंबून होते. कुलाब्यातील मोठा शेतकरी वर्ग खोतांचे कूळ होता. जमीन वर्षाच्या कबुलायतीवर मिळे. खंडाचे भात आधी खोताच्या घरी जाई, आणि वेठ करावी लागे ती वेगळीच. खारजमिनीत उधाणाने बांधाला खांड पडली की एका रात्रीत पीक जाई, आणि खंडाची थकबाकी कर्जाच्या रूपाने पुढील वर्षावर चढे. शिक्षण ही किमान चार वर्षांची गुंतवणूक आहे. ज्याला पुढच्या वर्षी तीच जमीन कसावयास मिळेल याची शाश्वती नाही, त्याने चार वर्षांनंतरच्या लाभासाठी आजचे हात मोकळे करावेत, ही अपेक्षा अवास्तव होती.

या दृष्टीने पाहिले असता अलिबाग तालुक्यातील चरीचा संप हा कुलाब्याच्या शैक्षणिक इतिहासाचाही भाग ठरतो. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये सुरू झालेला हा संप १९३९ पर्यंत चालला. चरी व आसपासच्या गावांतील कुळांनी खोतांच्या जमिनी कसण्याचे नाकारले आणि लाकूडफाटा, मासेमारी व मिळेल ती मजुरी यांवर दिवस काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३४ मध्ये चरीस भेट दिली व १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. १९३९ च्या कूळकायद्याने संरक्षित कुळाची कल्पना कायद्यात आणली. पुढे १९४८ चा कूळकायदा, १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन यांनी कसणाऱ्याला मालकी मिळवून दिली. यांपैकी एकाही कायद्याच्या नावात शिक्षण हा शब्द नाही. तथापि, मुलाच्या भवितव्याचा विचार एका वर्षाच्या पलीकडे करण्याची सवड कुळाच्या घराला प्रथम त्यांनीच दिली, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

६

दारिद्र्य हेच एकमेव कारण मानले, तर मात्र या प्रदेशाच्या इतिहासावर अन्याय होईल. रामचंद्र बाबाजी मोरे यांचा जन्म १९०३ मध्ये महाडनजीक लाडवली येथे झाला. प्राथमिक शाळेतून शिष्यवृत्ती मिळवूनही अस्पृश्य म्हणून त्यांना महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेश नाकारण्यात आला. वृत्तपत्रातून या अन्यायाला वाचा फुटल्यावर प्रवेश मिळाला, पण इतर मुलांपासून वेगळे बसावे लागले. येथे पैशाची अडचण शिष्यवृत्तीने दूर झाली होती. दार तरीही बंद होते. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा व शाळा अस्पृश्यांस खुल्या करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात संमत झाला, तो या पार्श्वभूमीवर.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे भरलेली परिषद चवदार तळ्याच्या सत्याग्रहामुळे सर्वांच्या स्मरणात आहे. तिच्या आयोजकांत मोरे हे प्रमुख होते. त्याच परिषदेच्या ठरावांत निःशुल्क व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची आणि अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांना साहाय्याची मागणी होती, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. अध्यक्षीय भाषणात डॉ. आंबेडकरांनी मृतमांस सोडण्याबरोबर शेती धरण्याचाही उपदेश केला. पाणी, जमीन व शाळा या तिन्ही गोष्टी एकाच व्यासपीठावरून मागितल्या गेल्या, यातच परिषदेचे विचारदृष्ट्या मोठेपण आहे. वसतिगृहाची मागणी विशेष अर्थपूर्ण होती. वसतिगृह मुलाला छप्पर देतेच; शिवाय त्याच्या अन्नाचा भार घरावरून उतरविते व गावच्या बलुत्यापासून त्याला दूर नेते. पुढे १९४५ मध्ये डॉ. आंबेडकरांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९६१ मध्ये महाडला महाविद्यालय काढले.

७

स्वातंत्र्योत्तर काळात शुल्काचा अडसर झपाट्याने दूर झाला. राज्यघटनेच्या ४५ व्या अनुच्छेदाने दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना निःशुल्क व सक्तीचे शिक्षण देण्याचा संकल्प केला. १९५९ च्या सुमारास वार्षिक १२०० रुपयांहून कमी उत्पन्न असलेल्या पालकांच्या पाल्यांस शुल्कमाफी मिळाली, आणि कुळांच्या मुलांपुढे माध्यमिक शाळेची वाट मोकळी झाली. पनवेल-उरण भागात रयत शिक्षण संस्थेच्या शाखा निघाल्या. ज्या घरांत जमीन किंवा मुंबईहून येणारी मनिऑर्डर होती, त्या घरांनी या संधीचा पुरेपूर लाभ घेतला.

श्रमाच्या किमतीची भरपाई करण्याचे प्रयोगही झाले. उत्तरेकडे, त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात, ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू केलेले कार्य १९५७ मध्ये कोसबाडला नेले. तेथील कुरणशाळेत शिक्षकच गुराखी मुलांकडे कुरणात जात असे. मुलाने काम सोडून शाळेत यावे, अशी अट तीत नव्हती. महाराष्ट्र शासनाने १९९२ मध्ये दारिद्र्यरेषेखालील मागास प्रवर्गांतील मुलींना प्राथमिक शाळेत हजेरीच्या दिवसामागे एक रुपया भत्ता सुरू केला. रक्कम अगदीच लहान होती. परंतु गरीब घरातील मुलीच्या दिवसाला किंमत आहे, हे तत्त्व शासनाने त्याद्वारे मान्य केले. १९९५ मध्ये केंद्र शासनाने पोषण आहाराची योजना आणली. प्रथम महिन्याला तीन किलो धान्य मिळे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शाळेतच शिजवलेले अन्न मिळू लागले. फुल्यांनी १८८२ मध्ये सुचविलेल्या उत्तेजनाला असे एका शतकानंतर मूर्त रूप आले.

८

या सर्व उपायांची कसोटी जिल्ह्यातील कातकरी वाड्यांवर लागते. आदिम जमातींत गणना होणाऱ्या या समाजाला कूळकायद्यांचा लाभ फारसा झाला नाही, कारण बहुसंख्य कातकरी कुळेही नव्हती; ती भूमिहीन मजूर होती. पावसाळ्यातील उपासमारीच्या दिवसांत ठेकेदाराकडून उचल घेतली जाते, आणि दिवाळीनंतर ती फेडण्यासाठी कुटुंबेच्या कुटुंबे कोळशाच्या व विटांच्या भट्ट्यांवर निघतात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. उचल घेतली जाते ती जोडप्याच्या नावावर, पण फिटते ती मुलांसह साऱ्या घराच्या कामातून. जून ते दिवाळी एवढेच शालेय वर्ष या मुलांच्या वाट्याला येते. भातशेतकऱ्याचा मुलगा महिनाभर गैरहजर राही. कातकऱ्याचे मूल अर्धे वर्ष जिल्ह्यातच नसते.

आश्रमशाळा हा यावर योजलेला मुख्य उपाय होय. महाराष्ट्रात १९५३-५४ पासून स्वयंसेवी संस्थांमार्फत व १९७२-७३ पासून शासनामार्फत त्या मोठ्या प्रमाणावर निघाल्या. निवास, अन्न व शिक्षण तेथे मोफत आहे. तरीही धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी थोरली बहीण भट्टीवर जाते, कारण आश्रमशाळा तिला सामावून घेते, पण तिच्या कडेवरच्या मुलाला सामावून घेत नाही. हंगामी वसतिगृहांची योजना आईबाप परतेपर्यंत मुलांना गावीच ठेवण्याचा प्रयत्न करते. ती वेळेवर सुरू झाली तरच उपयोगी पडते, कारण ठेकेदाराची गाडी अनुदानाच्या आदेशासाठी थांबत नाही. २००२ च्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला व २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. या कायद्याने शाळेला मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. उचल देणाऱ्या ठेकेदाराला मात्र तो कायदा ओळखत नाही.

९

कुलाबा किनाऱ्याच्या या इतिहासातून एक निष्कर्ष निघतो. ज्या उपायांनी केवळ शाळेचे दार उघडले, त्यांचा लाभ दारापर्यंत येण्याइतके स्थैर्य असलेल्या घरांना झाला. ज्या उपायांनी घराचा हिशेब बदलला, म्हणजे खोतीचा अंत, कुळाची मालकी, वसतिगृहातील अन्न व शाळेतील भोजन, त्यांनी नवे वर्ग शाळेत आणले. १९११ मध्ये गोखल्यांनी दहा रुपयांची जी मर्यादा आखली, ती शुल्क देऊ न शकणाऱ्याची होती. तिच्याही खाली, मुलाचा दिवस देऊ न शकणाऱ्यांची दुसरी मर्यादा आहे, आणि तिची मोजणी कोणत्याही विधेयकाने केलेली नाही. चरीच्या कुळाला जे स्थैर्य सहा वर्षांच्या संपानंतर व पुढील दोन दशकांच्या कायद्यांनी मिळाले, ते उचलीवर जगणाऱ्या कातकऱ्याला अद्याप मिळालेले नाही. त्या उचलीचा प्रश्न आज मजूरखात्याचा मानला जातो. कुलाब्याचा इतिहास पाहता तो शिक्षणखात्याचाही आहे.